फळीवरच्या विहिरी

लटारी आबाजींच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला समोर काय दिसायचं, तर दारूच्या बाटल्या. भिंतीला ठोकलेली एक लांब सागवानी फळी आणि तिच्यावर देशीचे पव्वे, एका ओळीत, देव मांडावेत तसे मांडलेले. त्रेचाळीस. आबाजींनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. ते विहिरी खोदायचे. मारेगावपासून मुकुटबनपर्यंतच्या पट्ट्यात त्यांनी हाताने जेवढ्या विहिरींना पाणी लावलं, त्या सगळ्या त्या फळीवर होत्या.

पव्वा सपाट असतो, त्यात थर नीट दिसतात, म्हणून पव्वा. खोदताना माती बदलली की आबाजी मूठभर माती फडक्यात बांधून बाजूला ठेवायचे. काळी संपून पिवळी लागली, एक पुरचुंडी. पिवळी संपून मुरूम लागला, दुसरी. दगड लागला तर तो कुटून तिसरी. पण बाटली भरायची विहीर पुरी झाल्यावरच. सगळ्यात खालचा थर बाटलीत सगळ्यात आधी जायला हवा, आणि तो तर सगळ्यात शेवटी हाती येतो. "बीचमधी नाही भरता येत," ते सांगायचे. "पानी लागल्याबिगर बाटली नाही." त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कोणती बाटली कुणाच्या विहिरीची, हे फळीवरच्या जागेवरून ठरलेलं होतं. डावीकडची पहिली पहिल्या विहिरीची, उजवीकडची शेवटची शेवटच्या.

त्यांच्या मुलीला पाहायला झरीकडून पाहुणे आले होते, ती गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात. मुलाच्या मामाने फळीकडे पाहिलं, आबाजींकडे पाहिलं आणि हातातल्या चहाचा हळूच वास घेतला. आबाजींना वाटलं, पाहुण्याला कामात रस आहे.

"ह्या समद्या माह्या एकट्याच्या," ते छाती काढून म्हणाले. "एकही अर्धवट नाही सोडली. खालपर्यंत गेलो."

मामा उठून चप्पल शोधायला लागले. तेव्हा आबाजींच्या बायकोने, भागाआजीने, आतून ओरडून सांगितलं की बाप्पा, त्या विहिरी आहेत. मग आबाजींनी एक पव्वा काढून मामांच्या हातात दिला. त्यांच्याच गावच्या विहिरीचा होता. मामांनी बुचाचा वास घेतला, खात्री केली आणि पुन्हा खाली बसले. लग्न झालं.

मी हे लिहितेय खरी, पण आमच्या घरात अर्ज सोडून कुणी काही लिहिलेलं नाही. आबाजींचं सगळं चरित्र मला माहीतही नाही. त्यांचा जन्म कुठला, विहिरीच्या कामाला ते कसे लागले, हे मी कधी विचारलं नाही. ते आमच्या घराच्या मागच्या आळीत राहायचे, एवढीच ओळख. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

आबाजींची माणसं ओळखायची पद्धत वेगळी होती. नाव, आडनाव, जात, काही त्यांच्या लक्षात राहायचं नाही. लक्षात राहायची विहिरीची खोली, आणि तीही फुटात नाही, परसात. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. बाजारात कुणी नमस्कार केला की ते डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "तू सहा परसाचा लहाना पोरगा ना?" एकदा एस्टीत एका सरपंचाला त्यांनी सगळ्यांसमोर "काय गा साडेतीन" अशी हाक मारली होती. सरपंचाला राग आला, पण मग बाजूच्याला समजावत बसला की साडेतीन परसावर पाणी लागणं किती चांगलं असतं.

मला ते "कोरड्याची पोट्टी" म्हणायचे.

कारण माझ्या आजोबांची विहीर फळीवर नव्हती. आजोबांसाठी त्यांनी आठ परस खोदलं आणि पाणी लागलंच नाही. लागला तो कोळसा. तेव्हा गावात कुणी खदानीचं नावही ऐकलेलं नव्हतं. माझ्या आजीने महिनाभर तो कोळसा चुलीत घातला, सगळं घर धुरानं काळं झालं, आणि मग आजोबांनी ते भोक काट्या टाकून बुजवलं. आता तिथे खदानीचा खड्डा आहे, त्या विहिरीच्या दहापट खोल. आबाजी म्हणायचे, "म्या याइच्या आंधी शोधला कोळसा. पन मले तर पानी पाह्यजे होतं ना."

आमचं गाव खदानीच्या काठावर आहे. म्हणजे गाव जुनं, काठ नंतर आला. दुपारी भोंगा वाजतो, रस्ता बंद होतो, आणि सुरुंग उडतात. भोंगा झाला की आबाजी उकिडवे बसून तळहात जमिनीला लावायचे. धक्का आला की डोळे मिटून निकाल द्यायचे. "आज पापडी उडवली." पापडी म्हणजे तो पातळ पातळ पदर सुटणारा राखाडी दगड, ज्याला आमच्या कॉलेजच्या पुस्तकात शेल म्हणतात. किंवा, "आज रेताड दगड होता, लय टनक." माझे काका खदानीत डंपर चालवतात. मी त्यांना विचारून खरं-खोटं करायची. बहुतेक वेळा बरोबर असायचं. चुकलं की आबाजी म्हणायचे, "तुह्या काकाले काय समजते? तो गाडीत बसून राह्यते."

भूगर्भशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या पहिल्याच दिवशी सरांनी माझ्यासमोर एक दगड ठेवला आणि नाव विचारलं. मी लगेच म्हणाले, "पापडी." वर्ग हसला. घरी येऊन आबाजींना सांगितलं तर ते माझ्यावर नाही, सरांवर चिडले. "मंग काय म्हनते तो? त्यानं कधी सबलीनं फोडला काय?"

खदानीवर त्यांचा राग फारसा नव्हता, तक्रार एकच होती. खड्ड्यातून काढलेली माती-दगड टाकून टाकून गावाच्या बाजूला जो मोठा डोंगर झाला आहे, तो त्यांना पाहवत नव्हता. वरची काळी माती आधी निघाली, म्हणून ती तळाला गेली. तिच्यावर पिवळी, तिच्यावर मुरूम, आणि सगळ्यात खोलची राखाडी पापडी सगळ्यात शेवटी, माथ्यावर. "डोंगर शीर्षासन करून राह्यला," ते म्हणायचे. "एवढे इंजिनेर, पन भराचं कसं हेच नाही समजलं. एक पव्वा नेऊन पाह्यला असता माह्याकून." त्या माथ्यावर विलायती बाभूळ आणि सुबाभळीशिवाय काही तग धरत नाही. पावसात त्याच्यावरून राखाडी चिखल नाल्यात उतरतो, आणि कापूस फुटला की बोंडांवर धूळ बसते ती वेगळीच. झुडपांत आधी रानडुकरं आली, मग त्यांच्या मागे वाघ. आबाजींचं मत असं की त्या सगळ्या डोंगरात सुलटा उभा असलेला तेवढा वाघच.

खदानीचे एक तरुण भूवैज्ञानिक होते, ओडिशाकडचे. गाव त्यांना छोटे साहेब म्हणायचं. त्यांची आणि आबाजींची पहिली भेट मी पाहिली आहे. नाल्याच्या कापलेल्या काठावर साहेब हातोडीने दगड फोडत होते. आबाजी पलीकडून आले, पडलेला एक तुकडा उचलला आणि त्याला जीभ लावली. चिकण माती जिभेला चिकटते, रेती चिकटत नाही, ही त्यांची परीक्षा. मी शरमेने दुसरीकडे पाहिलं. पुन्हा पाहते तर साहेबांनीही तोच तुकडा घेऊन जीभ लावली होती.

"क्ले है," साहेब म्हणाले.

"रेती बी हाय थोडी," आबाजी म्हणाले.

साहेबांनी पुन्हा चाटला. "हां काका, थोडी है."

धुणं घेऊन आलेल्या बाया थांबून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "अवं बाई, याइले खदानीत पगार नाही भेटत काय?"

त्या दिवसापासून दोघांची दोस्ती. साहेबांना वऱ्हाडी कळत नव्हतं, आबाजींचं हिंदी म्हणजे वऱ्हाडीच जरा मोठ्याने. तरी तासन् तास बोलायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. खदान जसजशी खोल गेली, तसतसं गावचं पाणी तिकडे उतरत गेलं. शाळेजवळची प्यायच्या पाण्याची विहीर दर वर्षी महिनाभर आधी आटायला लागली, आणि त्या वर्षी होळीलाच तळ दिसला. गावाने बरेच अर्ज केल्यावर खदानीकडून एक नवी विहीर मंजूर झाली. एकच. जागा ठरली शाळेमागे, कारण तिथे मशीन जायला रस्ता होता. खडूच्या पावडरीने गोल आखूनही झाला.

आबाजी त्या गोलात जाऊन बसले. "इथं नका खोदू. इथला रेताड दगड सरका खदानीत उतरते. आज लागलं तं उद्या तिकडं जाईन."

"मग कुठं खोदायचं?" सरपंचांनी विचारलं.

"नाल्यापलीकडं. तिकडं खाली लाल चिकन माती उभी हाये, भिंतीसारखी. पानी तिच्यामागं अडून राह्यते."

छोटे साहेब हे ऐकून एकदम पुढे आले. कधीकाळी जमिनीच्या पोटात तडा जाऊन एक बाजू खाली सरकलेली असते, आणि अशा तड्यात चिकण माती भरली तर पाणी अलीकडून पलीकडे जात नाही. त्याला फॉल्ट म्हणतात, हे मी पुढे शिकले. साहेबांच्या नकाशावर तसा फॉल्ट होताही. पण नकाशावरची ती रेघ जमिनीवर उतरवली तर दोन-तीन वावरं रुंद होत होती. भिंत नक्की कुठे आहे? नाल्याला लागून असली तर विहीर गावाजवळ होईल. दूर असली तर नळ टाकणं कुणी मंजूर करणार नव्हतं.

"काका, कोई सबूत है?"

"हाय ना. फळीवर हाये."

ज्या विहिरीत खाली राखाडी दगड निघाला ती भिंतीच्या अलीकडची, जिच्यात लाल निघाली ती पलीकडची. कोणती बाटली कुणाच्या वावरातली हे कळलं की भिंत कुठून जाते ते आपोआप कळणार. साहेब इतके खूश झाले की त्यांनी आबाजींच्या घरापर्यंत गाडी काढली. दोनशे पावलांसाठी.

आणि घरात गेल्यावर आबाजींचं तोंड उतरलं. मागच्या दिवाळीत भागाआजीने घर सारवलं, पोतारलं, बाटल्या उतरवून चिंधीने एकेक लखलखीत पुसली आणि परत मांडली. उंचीप्रमाणे. सगळ्यात उंच डावीकडे, बुटक्या उजवीकडे. आबाजी दिवाळीपासून तिच्याशी ती विचारेल तेवढंच बोलत होते, पण लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मले काय मालूम?" आजी म्हणाली. "शोभून दिसे म्हनून केलं."

साहेबांनी डोकं धरलं. पण मग त्यांनीच मार्ग काढला. बाटल्या अंगणात चादरीवर मांडल्या आणि गावोगाव निरोप धाडला, ज्याच्या वावरात आबाजींनी विहीर खोदली त्याने येऊन आपली बाटली ओळखावी.

मला वाटलं कुणी येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांची वावरं खदानीत गेली ते सगळ्यात आधी आले. एक म्हातारा एक पव्वा उन्हात धरून किती तरी वेळ उभा राहिला. त्याच्या वावराचा आता खड्डा झालाय, आणि इथे ते काळीपासून खालपर्यंत जसंच्या तसं होतं. दोन भाऊ एकाच बाटलीवरून भांडले. आबाजी मध्ये बसून निवाडा करत होते. "तुह्या बापाच्या विहिरीत चुनखडीचे खडे होते, चन्याएवढे. हे बोराएवढे हायेत. ठेव खाली." कुठे अडलं तर बूच काढून चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. संध्याकाळपर्यंत त्यांची जीभ इतक्या रंगांची झाली होती की बोलताना पोरं हसत होती. मी वहीत नावं लिहीत होते आणि साहेब नकाशावर टिंब देत होते. राखाडी टिंबं गावाकडे, लाल टिंबं नाल्यापार, पण फार दूर. मधल्या जागेत एकच विहीर होती, नाल्याला लागून, फकिरा नावाच्या शेतकऱ्याची. फकिराचं घरदार कधीच गाव सोडून गेलेलं. विहीर ढासळून सपाट झालेली. आणि दोन बाटल्या उरल्या होत्या, एक राखाडी, एक लाल. त्यातली एक फकिराची, दुसरी दूर मुकुटबनकडच्या एका विहिरीची.

"कौन सी, काका?"

आबाजींनी दोन्ही हातात घेतल्या. "मले वाटते लाल," ते म्हणाले. मग दोन्ही परत चादरीवर ठेवल्या. "पन वाटते म्हनून विहीर नाही खोदत. याइच्या आज्याची मले वाटते म्हनून खोदलती." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मी वहीत तोंड घातलं.

"कोनत्या फकिराची?" आजीने चुलीपासून विचारलं. "जिथं माहं हिरवं लुगडं खराब झालं ते?"

"तुह्या लुगड्याचं कोन विचारून राह्यलं वं?"

"मंग मातीचा रंग कायले विचारून राह्यले? तुम्ही खाली खोदा, वर टोपलं वढे कोन? मीच ना."

ती आत गेली आणि एक जुनी वाकळ घेऊन आली. तिच्या मधोमध हिरव्या लुगड्याचा तुकडा शिवलेला होता आणि त्यावर विटकरी डाग. "सोड्यानं धुतलं, रिठ्यानं धुतलं. गेला काय? नवं लुगडं होतं, दुसऱ्यांदा नेसली होती. इसरन काय मी?"

साहेबांनी लाल बाटली डागाशेजारी धरली. तोच रंग. सवयीने त्यांनी वाकळ तोंडाजवळ नेली तशी आजीने ती हिसकली. "धुतलेली हाये ते, साहेब!"

विहीर फकिराच्या जुन्या वावरात खोदायचं ठरलं. साहेबांनी तसं लिहून सही केली. आबाजी त्या सहीकडे बराच वेळ बघत होते.

पोकलेन मशीन आलं. हाताने वर्ष लागायचं ते तासांत होत होतं. पहिल्या दिवशी काळी, पिवळी, आणि मग लाल. गावाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी लाल. चार परस झाले आणि मातीला ओलही नव्हती. पानठेल्यावरून टोमणे सुरू झाले. "आबाजी, पानी मुकुटबनले निघालं वाटते!" "आबाजी, कोळसा लागला तं सांगजा, दुसरी खदान टाकू!"

इतर वेळी आबाजींनी एकेकाची खोली काढली असती. आता ते उपड्या घमेल्यावर बसून मातीच्या ढिगाकडे बघत राहिले. दोन दिवस त्यांनी भाकरीला हात लावला नव्हता. एकच विहीर मंजूर होती. ती कोरडी गेली असती तर पुन्हा अर्ज, पुन्हा दोन उन्हाळे, आणि गावात प्रत्येक घागरीमागे त्यांचं नाव निघालं असतं.

मशीनवाला बिहारचा होता. त्याने इंजिन थांबवलं. "और खोदें, काका?"

आबाजी मातीकडे बघतच पुटपुटले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "तुह्या आज्याले म्या अजून एक परस, अजून एक परस म्हनत म्हनत तीन परस खाली नेलं," ते म्हणाले. "पुन्हा नाही म्हनत मी."

साहेब खड्ड्यात बघत होते, सरपंच साहेबांकडे. मागून भागाआजीचा आवाज आला.

"खोद रे बापू. मी म्हनते. त्या टायमाले लाल संपाले पाच परस लागले होते. टोपले म्या वढले, याइले खाली बसून काय समजते?"

मशीन सुरू झालं. आणखी परसभर लालच निघाली. मग जे बकेट वर आलं ते जड, रेताड आणि गळत होतं. लोक काठाकडे धावले, कुणी कुणाला ढकललं, सरपंच ओरडले. आबाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी मलाच विचारलं, "कोनत्या अंगानं येऊन राह्यलं? पाह्य बरं."

मी वाकून पाहिलं. "पूर्वेकडून, आबाजी. भरपूर."

खदान पश्चिमेला आहे, म्हणजे हे पाणी भिंतीमागे अडलेलंच होतं. आबाजींनी गुडघ्यावर हात टेकून श्वास सोडला आणि आजीला म्हणाले, "भाकर आनली काय वं?" दिवाळीनंतर ते तिच्याशी आपणहून पहिल्यांदाच बोलले असावेत. तिने भाकर आणलेलीच होती.

त्या जूनमध्ये मी पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीला गेले. दिवाळीला परत आले तेव्हा आबाजी नव्हते. फोनवर कळलं होतंच. म्हणून मला ते आठवतात ते मी गाव सोडलं त्या सकाळचे.

एस्टी नाल्याच्या पुलाजवळ थांबली होती, वाघ आडवा गेल्याचं कुणीतरी सांगितलं म्हणून. खिडकीतून नवी विहीर दिसत होती. बांधकाम झालं होतं, रंग ओला होता, आणि बायांची रांग लांबपर्यंत गेली होती, प्रत्येकीची घागर पुढ्यात. आबाजी हातात दोन कॅन घेऊन आले आणि सरळ रांगेच्या तोंडाशी गेले.

"ओ आबाजी! नंबर!"

"अवं, विहीर कोनं दाखवली?"

"तुम्ही दाखवली. पन नंबर आम्ही सकाळपासून लावला. जा मांगं!"

त्यांनी रांगेत नजर फिरवली. भागाआजी सातवी होती. त्यांनी तिच्याकडे आशेने पाहिलं. आजी म्हणाली, "माह्याकडे नका पाहू. मी कोनाले नाही वयखत."

सगळी रांग खिदळली. आबाजीही हसत हसत, मान हलवत, शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी दोघी आल्या. आमची एस्टी सुरू झाली तेव्हा रांगही थोडी हलली, आणि आबाजींनी पायाने कॅन वीतभर पुढे सरकवला.